‘काही लागलं तर सांग’ म्हणण्यापूर्वी

आई अंथरुणाला खिळल्यापासून सहा वर्षे तिचे सारे मीच करत होते. त्या काळात सर्वाधिक वेळा ऐकलेले वाक्य म्हणजे ‘काही लागलं तर सांग’. म्हणणाऱ्यांची माया खरी होती, याबद्दल मला शंका नाही. पण त्या वाक्याने माझ्यावर आणखी एक काम येत असे: काय लागते ते ठरवायचे, ते कोणाला जमेल याचा अंदाज घ्यायचा आणि मग संकोच गिळून फोन करायचा. रात्रीतून तीनदा उठलेल्या माणसाकडे तेवढेही त्राण उरत नाही.

चौथ्या वर्षी धाकटा भाऊ म्हणाला, “ताई, दर गुरुवारी चार ते सात मी आईजवळ बसणार. त्या वेळात तू घरात थांबायचं नाहीस.” वार ठरला, वेळ ठरली, मला मागावे लागले नाही. तरीही पहिल्या गुरुवारी त्याचे अकरा फोन आले. गोळी जेवणाआधी की नंतर, चष्मा कुठे आहे, ती उठू पाहते आहे तर काय करू? दोष त्याचा नव्हता. तिच्याविषयीची सारी माहिती माझ्या डोक्यात होती आणि कागदावर काहीच नव्हते. त्या रात्री मी एक वही केली. औषधांची नावे, मात्रा व वेळा आणि डॉक्टरांचा नंबर तर त्यात होताच. शिवाय तिला कोणत्या कानाने नीट ऐकू येते, कुशीवर वळवताना हात कुठे धरायचा, संध्याकाळी ती अस्वस्थ झाली की कशाने शांत होते, हेही मी लिहिले.

गुरुवारची ती विश्रांती घेताना मला फार अपराधी वाटे. पुढे एक अभ्यास वाचनात आला आणि ती भावना बरीच निवळली. १९९५ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकाची काळजी घेणाऱ्या १३ स्त्रिया आणि तशी जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रिया यांच्या त्वचेवर सारखीच छोटी जखम करून ती भरून येण्यास किती दिवस लागतात हे पाहिले होते. काळजी घेणाऱ्या स्त्रियांना सरासरी नऊ दिवस अधिक लागले. अभ्यास लहान आहे, पण थकवा केवळ मनाचा नसतो, हे मला तेव्हा पटले.

गुरुवारांचा खरा लाभ मात्र आईला झाला, आणि हे मी आधी ओळखले नव्हते याची मला आजही खंत वाटते. वेळ वाचावा म्हणून मी तिच्या हातातली सारी कामे काढून घेतली होती. भावाला ते ठाऊक नसल्यामुळे त्याने वाळलेल्या कपड्यांचा ढीग सरळ तिच्यासमोर ठेवला. ती एकेक घडी घालत तासभर टेकून बसली. म्हातारपणी पडून राहिलेल्या शरीराचे स्नायू फार लवकर झिजतात, त्यामुळे तिचे ते तासभर बसणे एखाद्या व्यायामाइतकेच मोलाचे होते.

एका गुरुवारी त्याने वहीत लिहिले, ‘आज आई वेगळंच बोलते आहे, मला ओळखत नाही.’ रोज पाहणाऱ्या मला तो विसराळूपणाच वाटला असता. डॉक्टरांनी तपासले तेव्हा मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग निघाला. वयस्कांमध्ये असा संसर्ग कधी कधी तापाशिवाय, केवळ अचानक आलेल्या गोंधळलेपणातून दिसतो. म्हणून एक-दोन दिवसांत घडलेला असा बदल वयावर ढकलून चालत नाही. उपचारानंतर ती पुन्हा त्याला नावाने हाक मारू लागली.

वही आम्ही दोघांनी भरली होती, पण जिच्याविषयी ती होती तिला काहीच विचारले नव्हते. लक्षात आल्यावर शेवटचे पान तिला दिले. तिने तीनच वाक्ये सांगितली: दिवा घालवण्याआधी मला विचारा. अंघोळ ताईनेच घालावी. माझ्यासमोर माझ्याविषयी बोलताना मलाही बोलू द्या.