फ्रीझरमध्ये उचललेली माती

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, म्हणून थंड प्रदेशात जमीन वर उचलली जाते, अशी सर्वसाधारण समजूत. अमेरिकन भूवैज्ञानिक स्टीफन टेबर यांनी १९३०च्या सुमारास पाण्याऐवजी बेंझीन घातलेली माती गोठवली. बेंझीन गोठताना आकसतं, तरी माती उचललीच! हे वाचल्यापासून स्वतः करून बघायची खुमखुमी होती. ठाण्यात जमीन गोठायची नाही, पण घरी फ्रीझर आहे.

मातीवरच सगळं अडलं होतं. खाडीचा गाळ बारीक, पण खारट. मिठाने गोठणबिंदू खाली जातो. रेतीत पाणी वर खेचणारी ओढ फारशी नसते, चिकणमातीतून पाणी फारच हळू सरकतं. शेवटी नर्सरीतून पोयटा आणला, चाळून, भिजवून पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात १० सेंटिमीटर भरला. आतून प्लॅस्टिकचा कागद, बुडाला फडकं. मासळी बाजारातून थर्माकोलची पेटी आणली (वास जाईपर्यंत आईने ती गॅलरीतच ठेवायला लावली). पाइप पेटीतल्या पाण्यात उभा केला आणि फक्त वरचं तोंड उघडं ठेवलं, कारण थंडी वरूनच शिरायला हवी.

खरी मेख सावकाश गोठवण्यात आहे. घाई केली की पाणी आहे तिथेच गोठतं. म्हणून फ्रीझरचा नॉब सगळ्यात कमीवर, आणि पेटीत अधूनमधून कोमट पाणी. आईस्क्रीमचा विषयच सोडा.

मातीत ४० टक्के पाणी धरलं तरी नुसत्या फुगण्याने ती ३-४ मिलिमीटरच चढेल. माझी बोटाच्या रुंदीएवढी चढली. उभी कापली तर आत बर्फाच्या आडव्या, पारदर्शक चकत्या, मध्ये घट्ट माती. मातीच्या कणांलगत पाण्याचा अतिशय पातळ थर शून्याखालीही द्रव राहतो. त्याच थरातून खालचं पाणी बर्फाकडे ओढलं जातं, चकती जाड होत जाते आणि वरची माती उचलते.

मंगळावर २००८ साली फिनिक्स यानाने ६८ अंश उत्तरेला चर खणला, तेव्हा काही सेंटिमीटरखाली जवळपास शुद्ध बर्फ निघाला. मातीच्या छिद्रांत मावेल त्याहून जास्त. तिथे खालून पाणी पुरवणारी पेटी नाही. तरी कणांभोवतीच्या अशाच थरांतून पाणी हळूहळू सरकून चकत्या वाढल्या असाव्यात, हा संशोधकांनी मांडलेला एक खुलासा. फिनिक्सलाच तिथल्या मातीत परक्लोरेट क्षार सापडले, आणि ते हे थर आणखी थंडीतही द्रव ठेवू शकतात. म्हणून पुढच्या खेपेला खाडीचाच गाळ भरणार आहे.