माझा अनुभव: एसटीत शिकाऊ इंजिनिअर झाले, पण अर्धा स्टायपेंड गेला कुठं?

एसटीत पदवीधर शिकाऊ म्हणून लागणं काही अवघड नाही हो, आपल्याच नावचे साडेचार हजार मिळवणं अवघड आहे. अजून डोकं तापलेलंच आहे म्हणून लिहिते.

मेकॅनिकल झाल्यावर दोन वर्षं संभाजीनगरात रूम करून एमपीएससी केली, दोन्ही वेळा प्रिलिमलाच लटकले. घरून पैसे मागायची लाज वाटायला लागली तेव्हा मैत्रिणीनं एसटीच्या जाहिरातीचा फोटो पाठवला. नॅट्स म्हणजे केंद्र सरकारचं शिकाऊंचं पोर्टल, त्यावर नोंदणी, अर्ज, मार्कांची यादी, कागद, मेडिकल, झालं. चिकलठाण्याची कार्यशाळा मिळाली, एक वर्षाचा करार. माझ्या वेळी स्टायपेंड महिना 9000, त्यातले 4500 एसटी देणार अन् 4500 केंद्र सरकार डीबीटीनं थेट खात्यात.

एसटीचे आले. सरकारचे नाही आले. दुसऱ्या महिन्यात पण नाही. कार्यशाळेतल्या साहेबांनी पोर्टल उघडून दाखवलं, यांच्या बाजूनं सगळं गेलेलं. म्हणाले, बँकेत बघा.

मग बँक. इथं शहरात मी नवीन खातं काढलेलं, आधार देऊनच काढलेलं. टेबलावरच्या माणसानं स्क्रीन बघितली न बघितली, "लिंक आहे की मॅडम." पुढच्या आठवड्यात परत गेले, "लिंक आहे, सांगितलं ना." तिसऱ्यांदा गेले तर प्रिंटर बंद, पासबुक भरून मिळणार नाही, सोमवारी या. सोमवारी साहेब रजेवर. लिंक आहे तर पैसे कुठं गेले, हे विचारलं की तो माणूस माझ्याकडं असं बघायचा जसं काही मीच कुठं लपवून ठेवलेत.

नंतर कळलं ते असं. आधार खात्याला जोडणं वेगळं अन् डीबीटीसाठी सीडिंग, म्हणजे सरकारी पैसे याच बँकेत यावेत अशी आधारवर नोंद, वेगळं. जोडता कितीही खात्यांना येतं, पण सरकारी पैसे जातात ते एकाच बँकेत, जिथं शेवटचं सीडिंग झालेलं आहे तिथं. माझं झालेलं होतं कॉलेजच्या स्कॉलरशिपच्या वेळी, मंठ्याच्या एका बँकेत. त्या खात्यात दोन वर्षांच्या वर एक रुपयाची उलाढाल नाही, म्हणजे खातं झोपलेलं. सरकार पैसे पाठवतंय अन् ते तिथं जाऊन आपटून परत.

हे कळल्यावर मी शहाण्यासारखी काय केलं, तर मंठ्याला गेले, जुनं खातं उठवायला. सुट्टी टाकून, जालन्याला गाडी बदलून, बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून बरं नाहीतर स्टायपेंड तिकडंच संपला असता. तिथं म्हणे केवायसी परत करा. केवायसीला फोटो पाहिजे. फोटो दिला तर मोबाईल नंबर जुना, वडिलांचा, तो बंद होऊन वर्ष झालेलं. दोन चकरा झाल्या. आई म्हणाली, माय त्यापेक्षा घरीच बसली असती तर कापूस तरी वेचला असता.

अन् यातलं काहीच करायची गरज नव्हती!! नवीन बँकेतच सीडिंगच्या संमतीचा एक फॉर्म असतो, त्यात "आधी दुसऱ्या बँकेत होतं, आता इथं आणा" अशी खूण करायची, जुन्या बँकेचं नाव लिहायचं, संपलं. जुन्या बँकेचं तोंडही बघावं लागत नाही. हे मला सांगितलं कोणी तर आमच्या सेक्शनच्या वेल्डर मामांनी, त्यांच्या सुनेचे लाडक्या बहिणीचे पैसे असेच अडकले होते. आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंगचं स्टेटस दिसतं, त्याची प्रिंट काढली, टेबलावर ठेवली, बोटानं दाखवलं, हे बघा कोणत्या बँकेचं नाव आहे. तेव्हा त्या माणसानं ड्रॉवरमधून फॉर्म काढला. ड्रॉवरमध्येच होता.

म्हणून करार व्हायच्या आधीच ते स्टेटस बघा, नंतर नाही.

कामाचं सांगायचं राहिलंच. काम मला आवडतं, खोटं कशाला बोलू. जुनी बस येते, पत्रा उतरवतात, चेसिसवर लोखंडी पायपांचा सांगाडा उभा राहतो. पहिल्या महिन्यात मी नुसती मोजमाप लिहायची. मामा म्हणायचे, मॅडम चार वर्षं शिकलात अन् वेल्ड बघून सांगता येईना का? मागच्या महिन्यात खिडकीखालच्या एका जोडात कडेला खाच पडलेली मी स्वतः पकडली, खडूनं गोल केला, मामांनी ग्राइंडर मारून परत ओढला अन् काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं म्हणजे शाबासकी.

लोक विचारतात परमनंट करतात का. नाही, शिकाऊंच्या 1961 च्या कायद्यातच मालकावर नोकरी द्यायचं बंधन नाही. वर्ष झालं की सर्टिफिकेट. हे समजून या. अन् बूट पुढं स्टील असलेले, सेफ्टीचे घ्या, मी पहिल्या दिवशी चपला घालून गेलेले, गेटवरूनच परत.

फॉर्म दिल्यावर पुढच्या महिन्यात चहाच्या सुट्टीत मेसेज आला, तीन महिन्यांचे एकदम. चौथ्याचे अजून आले नाहीत, रोज सकाळी बसमध्ये बसून स्टेटस बघते.