कर्क्युमिन, सिस्प्लॅटिन आणि मूत्रपिंडाच्या पेशी : माझा अनुभव

सिस्प्लॅटिन हे कॅन्सरवरचं जुनं, प्रभावी औषध. पण मूत्रपिंडातल्या सूक्ष्मनलिकांच्या पेशी ते रक्तातून ओढून घेतात आणि त्याचा मारा सोसतात. हळदीतलं कर्क्युमिन त्यांना वाचवतं का, हा माझ्या पीएचडीचा प्रश्न. त्यासाठी मी एचके-२ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या, मानवी मूत्रपिंडाच्या नलिकांच्या पेशी वापरल्या.

खरी कसोटी लागली ती मोजमापात. पेशी जिवंत आहेत का हे पाहायला एमटीटी टाकतात. जिवंत पेशी त्या पिवळ्या रसायनाचं जांभळं करतात. मायक्रोस्कोपखाली सुयांसारखे जांभळे स्फटिक दिसतात. पण कर्क्युमिन स्वतःच एमटीटीला जांभळं करू शकतं, पेशी असोत वा नसोत. ऑक्सिडेटिव्ह ताण (पेशीला इजा करणाऱ्या ऑक्सिजनच्या रेणूंचा भार) मोजायचा रंग हिरवा चमकतो, आणि कर्क्युमिनही हिरवं चमकतं. म्हणजे पेशी वाचल्या की कर्क्युमिनच बोलतंय, हे कळणार कसं?

मग प्रत्येक प्लेटमध्ये पेशी नसलेल्या, फक्त कर्क्युमिनच्या विहिरी (प्लेटमधले छोटे खळगे) ठेवल्या. एमटीटी टाकण्याआधी बफरने (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावाने) धुवून पेशींचं जुनं पोषक माध्यम काढून टाकायचं, आणि तळाच्या पेशी निघू नयेत म्हणून पिपेटचं टोक विहिरीच्या भिंतीला टेकवून द्राव सावकाश सोडायचा. कर्क्युमिन टिकतही नाही. माध्यमात सीरम (रक्तातला द्रव भाग) नसेल तर शरीराच्या पीएचला काही मिनिटांतच निम्मं विघटित होतं. म्हणून डीएमएसओ या द्रावकात ताजं विरघळवायचं, प्रकाश लागू नये म्हणून ट्यूबला फॉइल गुंडाळायची आणि लगेच वापरायचं. हे कंटाळवाणं काम आहे, पण त्यावाचून आकड्यांना काही अर्थ नाही.

एवढं करून जे उरलं ते मला मोलाचं वाटतं. कमी मात्रेत पेशी जास्त तगल्या. एचओ-१ हे रक्षक एन्झाइम वाढलेलं दिसलं, म्हणजे एनआरएफ२ ही पेशींची स्वतःची यंत्रणा जागी झाली असावी. मात्रा वाढवली तेव्हा कर्क्युमिननेच पेशी मरू लागल्या.

घरी याचा अर्थ वेगळाच निघतो. क्रिएटिनिन वाढलेल्या माझ्या मामांनी विचारलं, "मग हळदीच्या कॅप्सूल सुरू करू का?" मी म्हटलं, "मामा, भाजीत टाकता ती हळद असू द्या. कॅप्सूल मात्र किडनीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको." हळदीत ऑक्झलेट (मूतखड्यात सापडणारा क्षार) बरंच असतं, हळदीचे सप्लिमेंट दीर्घकाळ घेतल्यावर ऑक्झलेट साचून मूत्रपिंड बिघडल्याच्या केसेस वैद्यकीय नियतकालिकांत आल्या आहेत. शिवाय कर्क्युमिन पोटातून फारसं शोषलंच जात नाही. ग्रॅममध्ये घेतलं तरी रक्तात फार तर एक-दोन मायक्रोमोलर (द्रावातलं प्रमाण मोजायचं एकक) दिसतं. मी प्लेटमध्ये त्याच्या कितीतरी पट घातलं होतं.

मामांच्या प्रश्नामुळे पुढची मालिका ठरली. आता एक मायक्रोमोलर आणि त्याखालच्या मात्रा लावतेय, विहिरींची मांडणी तीच.