साडेबावीस इंच डोकं

हेल्मेटचा पट्टा लावलेला होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर भेटलेल्या प्रत्येकानं पहिला प्रश्न तोच विचारला.

जानेवारीतली सकाळ, पावणेसात वाजलेले. बेळगाव-वेंगुर्ला रस्त्यावर तुरमुरीच्या पुढं इतकं धुकं की पुढच्या गाडीचा लाल दिवा अगदी जवळ गेल्यावर दिसायचा. मी हिंडलग्याचा, कामाला शिनोळीला. म्हणजे रोज सकाळी कर्नाटकातून महाराष्ट्रात आणि संध्याकाळी परत. उसाचा सीझन चालू होता. ट्रॅक्टर रात्रभर पळतात आणि वळणावर ट्रॉलीतले चार-दोन ऊस सांडून जातात. दवात भिजलेला आणि टायरखाली चिरडलेला ऊस म्हणजे साबणाची वडीच. पुढचं चाक त्यावर गेलं आणि मी आडवा झालो. पहिला दणका हेल्मेटनं घेतला. मग हेल्मेट डोक्यातून निसटलं आणि दुसरा दणका कपाळानं घेतला. उठून बसलो तर हेल्मेट गटारीच्या कडेला, पट्ट्याचं लॉक जसंच्या तसं बंद. भुवईच्या वर चार टाके पडले.

चारांवर भागलं, हे नशीब. पण बंद पट्ट्याचं हेल्मेट डोक्यातून निघालंच कसं, हे काही डोक्यातून जाईना.

मी एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. दिवसभर हातात मायक्रोमीटर आणि बोअर गेज. बोअर, म्हणजे पीसचं भोक, दहा मायक्रॉननं मोठा गेला तर मी पीस बाजूला काढतो आणि ऑपरेटरच्या शिव्या खातो. आणि पंधरा वर्षं मी डोक्यावर एल साइज घालत होतो, कशावरून? तर पहिलं हेल्मेट घेताना दुकानदारानं एल दिलं आणि ते आरामात बसलं, म्हणून. डोकं मोजायचं असतं हे ठाऊकच नव्हतं.

बायको ब्लाऊज शिवते. तिची टेप काढली. भुवयांच्या वर एक बोट सोडायचं, कानांच्या वरून न्यायची आणि मागं डोकं जिथं सगळ्यात फुगीर तिथून फिरवायची. "हलू नका हो," म्हणत तिनं तीनदा मोजलं. तीनदा साडेबावीस इंच. म्हणजे ५७२ मिलिमीटर. आपल्याकडच्या हेल्मेटवर साइज मिलिमीटरमध्ये छापलेली असते; बहुतेकांचं एम ५८० आणि एल ६००. म्हणजे माझं माप एमचं, आणि मी फिरत होतो एल घालून. त्यात सहा वर्षं खोबरेल तेल आणि घाम पिऊन आतला स्पंज बसलेला. आमच्या भाषेत सांगायचं तर शाफ्टला, म्हणजे दांड्याला, प्रेस फिट, दाबून बसणारं, पाहिजे होतं आणि मी लूज फिट घालून गाडी मारत होतो.

जुनं हेल्मेट बाहेरून बघाल तर ठीकच होतं. उजव्या बाजूला वीतभर लांब खरचटल्याची रेघ, बस. दुसऱ्या आठवड्यात मी ते कंपनीत नेलं आणि जेवणाच्या सुट्टीत हॅकसॉनं उभं कापलं. बाहेरची प्लास्टिकची कवटी कापायलाच वेळ लागला, आतलं थर्माकोल लोण्यासारखं कापलं गेलं. हे थर्माकोल म्हणजेच खरं हेल्मेट. कवटी धार आणि टोक अडवते, पण दणका जिरतो तो थर्माकोलचे दाणे चेपले जाण्यात. आणि एकदा चेपले की ते पुन्हा पहिल्यासारखे फुगत नाहीत. रेघेच्या बरोबर आत दाणे एकमेकांत दबून चकचकीत झालेले दिसले. पण खरा धक्का दुसरीकडं होता. कपाळाच्या वरच्या भागात बोटाचं पेर मावेल एवढा गोल खड्डा, आणि त्या जागी बाहेर साधा ओरखडाही नाही. दोघं-तिघं वाकून बघत होते. मग एकजण म्हणाला, "अगा, हा तुझा आरसा की!" खरंच. सहा वर्षं रोज पार्किंगमध्ये मी हेल्मेट आरशावर उपडं अडकवत होतो. त्या आरशानं आतून टोचून टोचून पडायच्या आधीच एक जागा निकामी केली होती.

आता नवं घ्यायचं.

पहिली चूक पहिल्याच दिवशी. येताना पेट्रोल पंपाशेजारी एकजण ताडपत्रीवर हेल्मेटचा ढीग मांडून बसलेला. तीनशे रुपये. वर आयएसआयचा शिक्का. हातात घेऊन आत बोट दाबलं तर स्पंजाच्या मागं थर्माकोल नाहीच, पातळ फोमचा पत्रा आणि लगेच कवटी. तरी विचारलं, "हे आयएसआय आहे काय?" तो म्हणाला, "लिहिलंय की त्यावर." लिहिलं होतं खरं. पण शिक्का म्हणजे नुसतं चित्र नसतं. वर मानकाचा क्रमांक पाहिजे, हेल्मेटसाठी आयएस ४१५१, आणि खाली सीएम/एल असं लिहून पुढं लायसन्स नंबर. तो नंबर बीआयएस केअर नावाच्या सरकारी अ‍ॅपमध्ये टाकला की कंपनीचं नाव आणि लायसन्स चालू आहे का ते दिसतं. ढिगातल्याचा टाकला. काही आलं नाही. १ जून २०२१ पासून आयएसआय नसलेलं दुचाकीचं हेल्मेट बनवायला, विकायलाच बंदी आहे, म्हणूनच असले शिक्के छापले जातात. पोलीस दुरून बघतात तेव्हा डोक्यावर काहीतरी काळं गोल दिसलं की पाचशे रुपयांचा दंड वाचतो, एवढाच त्याचा उपयोग. तो विकणारा माझ्यावर वैतागला, आणि त्याचं काही चुकलं नाही. तीनशे रुपयांच्या वस्तूला एवढे प्रश्न कोण विचारतो?

भाचा पुण्यात शिकतो. त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर लिंकांचा पाऊस पाडला. "मामा, ईसीई २२.०६ वालं घ्या, डबल डी रिंगवालं घ्या." म्हणजे काय ते वाचायला दोन रात्री गेल्या. डबल डी रिंग म्हणजे पट्टा दोन कड्यांतून ओवून आवळायचा. ईसीई हे युरोपचं मानक, त्याच्या २२.०६ या नव्या आवृत्तीत हेल्मेट तिरक्या ऐरणीवर आपटून डोकं किती गरकन वळतं तेही मोजतात, कारण मेंदूला नुसत्या आदळण्याइतकाच हा पीळ वाईट. पटलं. त्याच्या उलट डीओटीचा, म्हणजे अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या मानकाचा, स्टिकर: अमेरिकेत तो कंपनी स्वतःच लावते, आधी कोणी तपासून मंजुरी देत नाही, आणि आपल्याकडं तर तो स्टिकर सुटाही मिळतो. पोरगं बरोबर सांगत होतं, पण त्यानं पाठवलेलं हेल्मेट नऊ हजारांचं आणि ऑनलाइन. गाडीच माझी दहा वर्षांची. पैसे एक वेळ घातले असते, पण डोक्यात न घालता मागवायचं म्हणजे पुन्हा तेच, डोळे झाकून एल. त्याला सांगितलं, दुकानात जाऊन घालून बघणार. "ओके बूमर," असं उत्तर आलं. बायकोनं त्याचा अर्थ विचारला. मी सांगितला नाही.

रविवारी बेळगावात गेलो. बेळगावकराला हेल्मेट म्हटलं की व्हेगा आठवतं, कारण कंपनी इथलीच, अ‍ॅक्सॉरही त्यांचंच. दुकानात स्टड्स होतं, स्टीलबर्ड होतं, आणखी चार होती. दुकानदार कन्नड बोलणारा, पन्नाशीचा. मी एम मागितलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, एम दिलं आणि म्हणाला, "हाकि नोड्री." म्हणजे घालून बघा. घातलं. पट्टे दोन्ही हातांनी बाहेर ओढून घालावं लागलं, कान दुमडले, गाल आत दाबले गेले, बोलताना गालाचं मांस दाताखाली यायला लागलं.

"टाइट ऐतेन्री?"

"स्वल्प."

"बरोबर मग," तो मराठीत आला. "गाल दाबलेच पाहिजेत. कपाळ दुखता कामा नये. महिन्याभरात लूज आगतैत्री, स्पंज बसतोय बघा."

मग मी माझी तपासणी सुरू केली. दोन्ही हातांनी हेल्मेट धरून डावी-उजवीकडं फिरवायचं: हेल्मेटबरोबर गालाची आणि कपाळाची कातडी ओढली गेली तर पास, हेल्मेट एकटंच फिरलं तर रिजेक्ट. मग पट्टा हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढा आवळायचा आणि मागून, मानेपाशी, कड धरून हेल्मेट पुढं उलटायचा प्रयत्न करायचा. माझ्या अपघातात नेमकं हेच झालं होतं. गंमत म्हणून एल मागून घेतलं, पट्टा आवळला आणि दुकानदारालाच म्हटलं, मागून ढकला. त्यानं दोन बोटांनी ढकललं आणि हेल्मेट डोळ्यांवरून नाकापर्यंत आलं. तो हसला. मला मात्र तुरमुरीचं वळण आठवलं.

पुढची गोष्ट कोणी सांगितली नव्हती. पहिलं एम घालून मी स्टुलावर पंधरा मिनिटं बसलो. काचेबाहेरून जाणारे बघत होते. दहाव्या मिनिटाला कपाळाच्या मध्यभागी ठसठस सुरू झाली. काढलं तर आरशात रुपयाएवढा लाल डाग, आणि कानाच्या वर दोन्हीकडं मात्र बोट सहज जाईल एवढी जागा. माप बरोबर होतं, आकार चुकीचा होता. हेल्मेट गोल साच्याचं, माझं डोकं लांबट. ओव्हल शाफ्ट गोल बोअरमध्ये घालायचा तर दोन टोकांना घासणारच. दुसऱ्या कंपनीचं एम घातलं, तेही तसंच. चौथं घातलं आणि सगळीकडून सारखं दाबलं गेलं, पाण्यात डोकं बुडवल्यासारखं. चष्म्याच्या काड्याही आत सरळ गेल्या. वीस मिनिटांनी काढलं तर कपाळावर गुलाबी पट्टा, पण एकसारखा.

कुठल्या कंपनीचं ते सांगत नाही. माझ्या लांबट डोक्याला बसलं म्हणून तुमच्या डोक्याला बसेल असं नाही. चोवीसशेला मिळालं. मला काळं मॅट पाहिजे होतं, गाडीला शोभलं असतं. पण धुक्यात उसाच्या ट्रॉलीवाल्याला मी दिसलो पाहिजे म्हणून पांढरं घेतलं. काच साधी घेतली. अंधारी काच दिवसा झोकात दिसते आणि संध्याकाळी वाटेत बाची गावाच्या पुढं आंधळं करते. थंडीत श्वासानं काच धुरकटते त्यावर महागड्या हेल्मेटला आतून दुसरी काच लावायची सोय असते, माझ्या नाही. भांड्याच्या साबणाचा एक थेंब आतून चोळून मऊ फडक्यानं पुसतो, दोन-तीन दिवस चालतं.

बरोबर आलेली बायको दुकानाच्या दाराशी उभी होती. तिच्याकडं टोपीसारखं अर्धं हेल्मेट. २०१६ च्या जानेवारीपासून कर्नाटकात मागं बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं झालं तेव्हा घाईत घेतलेलं. कान उघडे, मागची मान उघडी. दुकानदारानं न विचारता तिच्यापुढं फुल फेस ठेवलं. तिचं डोकं साडेएकवीस इंच, त्या मापाचं मिळालं. पण अंबाडा. अंबाड्यावर घातलं की हेल्मेट पुढं येऊन भुवयांवर टेकतं. तिनं क्लिप काढून केस मोकळे सोडले, मानेवर सैल वेणी घातली आणि पुन्हा घातलं. बसलं. "आणि मळेकरणीला जाताना गजरा?" तिनं विचारलं. उचगावच्या देवीला आम्ही वर्षातून दोनदा तरी जातोच. दुकानदार म्हणाला, "डिकीत ठेवा, तिथं माळा." तिला हे पटलं नाही. पण हेल्मेट घेतलं.

घरी आल्यावर जुन्या हेल्मेटच्या कापलेल्या अर्ध्या भागाचा पट्टाही कापून टाकला. आईनं त्यात माती भरून कोथिंबीर पेरायचं ठरवलं होतं. थर्माकोलात पाणी मुरत नाही म्हणून तिनंच तो बेत सोडला. नवी दोन्ही हेल्मेटं दाराजवळच्या खुंटीवर असतात. कंपनीत माझं मी आत नेतो, टेबलाखाली ठेवतो.

पहिल्या आठवड्यात शिफ्टला पोचलो की कपाळावरचा गुलाबी पट्टा बघून पोरं विचारायची, "काय गा, गंध लावून येवूलास काय?" आता महिना झाला. स्पंज थोडा बसलाय. हेल्मेट काढलं की पट्टा दिसतो, पण चहा संपेपर्यंत जातो.