रक्ताची आव, आणि दोन गोळ्यांची घाई

ऑगस्ट २०२४ मध्ये वडोदऱ्यात विश्वामित्री नदीला आलेल्या पुरात आमच्या सोसायटीची जमिनीखालची टाकी बुडाली होती. टाकी धुतली, पण आठवड्याभरातच मला पहाटे मुरडा येऊन जुलाब सुरू झाले. दुपारी ताप १०२, शौचात रक्त. आई म्हणाली, "ही रक्ताची आव आहे, आधी दवाखान्यात चल." मी कपाटातल्या गेल्या वर्षीच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घेतल्या आणि मग निघाले.

ही चूक मला महागात पडली. शौचाच्या कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीत, काहीच वाढलं नाही. "गोळ्या आधी घेतल्या की जंतू नमुन्यात सापडत नाहीत, असं होतं," डॉक्टर म्हणाले. कोणतं औषध लागू पडेल हे सांगणारा कागदच हातचा गेला. उरल्या त्या सूज दाखवणाऱ्या खुणा: शौचात भरपूर पू पेशी, रक्तात सीआरपी ९४. सीआरपी हे प्रथिन यकृतात तयार होतं आणि संसर्ग झाला की काही तासांत चढतं, मात्र जंतू कोणता ते सांगत नाही. आपल्याकडे रक्ताची आव आणणाऱ्या शिगेलासारख्या जंतूंवर जुनी अँटिबायोटिक्स बऱ्याचदा चालत नाहीत, म्हणून त्यांनी अ‍ॅझिथ्रोमायसिन ५०० तीन दिवस दिलं. जुलाब थांबवायची गोळी दादा घेऊन आला होता, ती त्यांनी परत करायला लावली. ताप आणि रक्त असताना आतडं थांबवायचं नसतं. उकळून गार केलेल्या पाण्यात ओआरएस मात्र सतत चालू होतं, आई दर अर्ध्या तासाला पेला पुढे करायची.

तिसऱ्या दिवशीही पाच-सहा वेळा जावं लागत होतं. मला वाटलं, औषध वाढवतील. पण ताप नव्हता आणि सीआरपी ३६ वर आलं होतं. "सूज उतरतेय, आतडं सावरायला वेळ घेईल," म्हणून त्यांनी अँटिबायोटिक तिथेच थांबवलं.

त्याच दिवसांत दुसरीकडे केलेल्या तपासणीत आतड्याची सूज दाखवणारं शौचातलं कॅल्प्रोटेक्टिन ६४० निघालं. ५० च्या आत हवं. आतड्याचा कायमचा आजार असेल का, या भीतीने मी दोन रात्री झोपले नाही. हे प्रथिन पांढऱ्या पेशींमधून येतं, ताज्या संसर्गात ते वाढणारच, असं डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. सहा आठवडे थांबून पुन्हा नमुना दिला, तेव्हा ३८ आलं.