तुम्ही विचारलंत म्हणून: ‘टेनपिन बोलिंगसाठी सगळ्यात चांगला बॉल कोणता?’

या प्रश्नावर मी ‘कुठल्या लेनवर?’ असं विचारलं की लोकांना वाटतं मी उत्तर टाळतोय. खरंच टाळत नाही. लेन म्हणजे बॉल ज्यावरून पिनांकडे जातो ती लांब पट्टी: फाउल लाइनपासून, म्हणजे बॉल टाकताना जी ओलांडायची नाही त्या रेषेपासून, पहिल्या पिनपर्यंत ६० फूट. नेहमीच्या लेनवर त्यातल्या पहिल्या चाळीसेक फुटांवर तेल, मधल्या पाट्यांवर (लेनच्या लांब, अरुंद फळ्यांवर) दाट आणि कडांना पातळ. ते डोळ्यांना दिसत नाही आणि दर बॉलबरोबर कमी होतं. मग बॉलचं नाव एकट्यानं काय सांगणार?

बहुतेक जण कोअरच्या, म्हणजे बॉलच्या आतल्या वजनी गाभ्याच्या, चित्रावर भाळतात. माझ्या मते आधी कव्हर (बाहेरचं कवच) आणि सरफेस (ते किती खरखरीत किंवा गुळगुळीत आहे) बघावा. रिअ‍ॅक्टिव्ह (जास्त पकड घेणाऱ्या रेझिनचं कव्हर) सॉलिड, म्हणजे चकाकी न मिसळलेला, त्यातही ५०० किंवा १००० ग्रिटनं (ग्रिटचा आकडा लहान तितका सरफेस खरखरीत) घासलेला, दाट तेलातही लवकर पकड घेतो. पॉलिश केलेला पर्ल, म्हणजे चकाकी मिसळलेल्या कव्हरचा बॉल, पुढे घसरत जातो आणि कोरड्यात पोचल्यावर झटकन वळतो. युरेथेन लवकर पकडतो पण सावकाश, एकसारखा वळतो. प्लॅस्टिक जवळपास सरळ जातो, म्हणून दहा नंबरच्या, म्हणजे मागच्या रांगेतल्या उजव्या टोकाच्या, पिनसाठी तो हवाच. पॅटर्नची, म्हणजे लेनवरच्या तेलाच्या थराची, लांबी फुटांत माहीत असेल तर त्यातून ३१ वजा करा: ४० फुटांच्या पॅटर्नवर बॉल तेलातून बाहेर पडताना साधारण नवव्या पाटीवर (उजव्या हातानं खेळणाऱ्यासाठी उजव्या कडेपासून मोजून) असावा. हा अंदाज आहे, नियम नव्हे.

इथवर कुणी वाद घालत नाही. घोळ होतो तो तिसऱ्या गेमला. दोन गेम घासलेल्या सॉलिडनं छान गेले. आता बॉल पॉकेटमध्येच (पहिल्या आणि तिसऱ्या पिनमधल्या जागेत) जातोय, तरी दहा नंबर उभा. सहा नंबरची पिन उडून त्याला आपटण्याऐवजी त्याच्या पुढ्यात गटरमध्ये अलगद आडवी होते. खेळणाऱ्याला वाटतं जोर कमी पडतोय, आणि तो आणखी ताकदीचा, म्हणजे जास्त वळणारा, बॉल काढतो. इथेच खेळ हातचा जातो. त्याच्या रेषेवरचं तेल उडालंय, बॉल आधीच वळून मोकळा होतोय आणि पिनपाशी पोचेपर्यंत त्याची ऊर्जा संपलेली असते. नवा बॉल त्याहून आधी संपतो. बरं, उलटंही होतं: बॉल जास्त घसरला, वळायला वेळच मिळाला नाही, तरी तोच दहा नंबर उरतो. म्हणून पिनकडे बघून ठरवू नका. शेवटच्या १५ फुटांत बॉल बघा. वळणं संपवून सरळ चालला असेल तर तो लवकर संपला. पिनला लागतानाही वळत असेल तर उशीर झाला.

लवकर संपत असेल, तर उजव्या हातानं खेळणाऱ्यानं आधी पाय दोन पाट्या आणि नेम एक पाटी डावीकडे न्यावा. तेवढ्यानं भागलं नाही तरच बॉल बदलावा, आणि तो जास्त चकचकीत किंवा कमी ताकदीचा घ्यावा. उशीर होत असेल तर याच्या उलट. मात्र फार डावीकडे गेलात की मधलं दाट तेल लागतं आणि बॉल पॉकेटपर्यंत परततच नाही.

पूर्वी मी ठणकावून सांगायचो की एकच मध्यम सॉलिड घ्या आणि हवा तसा सरफेस बदला. सरावापुरतं ते आजही बरोबर आहे. पण स्पर्धेत खेळ सुरू झाल्यावर सरफेस घासता येत नाही, तेव्हा माझा तो सल्ला निरुपयोगी ठरायचा, हे मला मान्य करायला हवं. शिवाय रिअ‍ॅक्टिव्ह कव्हर तेल शोषतं आणि घासलेला सरफेस काही गेमांतच गुळगुळीत होतो. ‘१००० ग्रिटचा आहे’ असं म्हणणाऱ्याच्या हातातला बॉल बऱ्याचदा तसा उरलेलाच नसतो. तेव्हा दर गेमनंतर पुसा, दिवस संपला की क्लीनर लावा.

म्हणजे दोन बॉल आणि एक प्लॅस्टिकचा, इथपर्यंत मी आलोय. दुसरा बॉल पहिल्याचाच कोअर आणि पर्ल कव्हर असा असावा, की कोअरही सौम्य असावा? पहिल्या पर्यायात रेषा फारशी बदलावी लागत नाही, दुसऱ्या पर्यायात कोरड्या लेनवर ताबा राहतो. वेगानं टाकणाऱ्याला मी पहिला सांगतो, हळू टाकणाऱ्याला दुसरा, आणि मधल्यांना दोन्ही टाकून बघायला सांगतो.