पहाट झाडीत, दुपार तळ्यावर आणि माळावर दोनदा

मागच्या रविवारी खूप दिवसांपासूनचा प्लॅन एकदाचा जमला. पूर्ण दिवस फक्त पक्षी, उजाडायच्या आधीपासून ते पार अंधार पडेपर्यंत. मी, मित्र आणि त्याची सहावीतली मुलगी. झाडी, माळरान, तळं, नदी, सगळं एकमेकांपासून जवळच, पण पक्ष्यांच्या हिशोबाने चार वेगळे मुलुख.

कुठे किती वाजता जायचं हे आधी ठरवून घ्या, नवीन लोकांना मी हेच पहिलं सांगतो. झाडीतले पक्षी ऊन चढलं की गप्प होतात, पाणपक्षी भर दुपारीही समोर बसलेले असतात, आणि जमीन तापून गरम हवा वर उठायला लागली की शिकारी पक्षी त्या हवेवर घिरट्या घालायला येतात. त्यामुळे पहाट झाडीला दिली.

झाडीत पहिला अर्धा तास दुर्बीण गळ्यातच होती, नुसतं ऐकत उभे होतो. दयाळ, मग तांबटाची टुक टुक टुक, मग वरून हळद्याची ती गोल शीळ. पानांत सारखं चिव् चिव् करत फिरणारा वटवट्या दिसायला महाकठीण पण आवाज एकदा कानात बसला की सुटत नाही. आणि मग एकदम सगळं शांत. बुलबुल गप्प, खारीची चिर्र चिर्र सुरू, म्हणून वर बघितलं तर शिक्रा, म्हणजे छोटा शिकारी पक्षी, आडव्या फांदीवर येऊन बसलेला. झाडी अशी गप्प झाली की वर बघायचंच, मला तरी बरेचसे शिक्रे असेच सापडलेत.

नऊ-साडेनऊला माळावर आलो. खरं सांगायचं तर हा वाटेतला थांबा म्हणून अर्धा तास ठेवलेला, मुख्य आकर्षण तळंच होतं, पण दोन तास कधी गेले कळलंच नाही. लांबून बघितलं तर काहीच नाही, पिवळं गवत, मुरूम, दगड. मग मुलगी हळूच म्हणाली, "काका, तो दगड पळाला." धाविक! सात-आठ पावलं तुरुतुरु पळायचं, एकदम थांबायचं, वाकून जमिनीवरचा किडा टिपायचा, परत पळायचं. थांबला की मातीत मिसळून जातो. घरटं म्हणून काही बांधत नाही, उघड्या जमिनीवरच अंडी, आणि अंड्यांचा रंगही मातीसारखाच, म्हणून माळावर गाडी घालू नका हो कुणी, पायवाटेनेच चाला. डोंबारी चंडोलसुद्धा भरपूर होते. हवेत उंच चढून खाली सूर मारायचा आणि परत वर, ज्याने कुणी हे नाव ठेवलं त्याने तासन् तास हा पक्षी बघितला असणार.

तळ्यावर सूर्य पाठीशी राहील असा काठ धरला, नाहीतर समोरचे सगळे पक्षी काळे ठिपकेच दिसतात. वारकरी नावाचे काळे पाणपक्षी शेकड्याने, कपाळावरचा पांढरा टिळा लांबूनही ओळखू येतो. चक्रवाकाची एक जोडी. थापट्या बदकांचा एक घोळका गोल गोल फिरत होता, पाय मारून पाणी ढवळायचं आणि वर आलेलं बारीकसारीक त्या पसरट चोचीने गाळून खायचं असा तो उद्योग असतो. चिखलात शेकाट्या, आणि तुतवार हे छोटे पाणपक्षी. तुतवारांवर सगळेच अडतात. मी एवढंच लक्षात ठेवतो की ठिपकेवाली असेल तिला ठळक पांढरी भुवई असते, हिरवी तुतवार वरून गडद आणि उडाली की ढुंगणाकडचा पांढरा भाग चमकतो, आणि खांद्याजवळ पांढरी पाचर आणि सारखी शेपटी हलवणारी असेल तर ती साधी तुतवार.

नदीवर फार काही नव्हतं, शराटी, दोन नदी सुरय आणि हवेत एका जागी फडफडत थांबून पाण्यात सूर मारणारा कवड्या खंड्या. पाऊण तासात निघालो, कारण परत माळ गाठायचा होता.

संध्याकाळचा माळ भोवत्यांसाठी, म्हणजे गवतावर शिकार करणाऱ्या शिकारी पक्ष्यांसाठी. मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशांतून हे थंडीत इकडे येतात, दिवसभर गवतावरून अगदी खालून तरंगत नाकतोडे, उंदीर, छोटे पक्षी शोधतात आणि रात्रीला झाडावर नाही, गवतातच जमिनीवर एकत्र उतरतात. सूर्य टेकला तसे एकेक यायला लागले. राखाडी नर लगेच कळले, तपकिरी माद्या आणि पिल्लं मात्र एकमेकांसारखीच, म्हणून ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी टाकायच्या साइटवर, त्यांची जात न लिहिता नुसतं 'भोवत्या' एवढंच टाकलं. खात्री नसेल तर असंच करायचं, चुकीच्या नावापेक्षा हे बरं. आम्ही अकरा मोजले.

पण जिथे ते उतरत होते तिथेच नवे खड्डे खणलेले दिसले, ओळीने, झाडं लावायला. कागदावर ही जमीन पडीक, म्हणून हिरवी करायची. लावणाऱ्यांचा हेतू चांगलाच असेल, पण इथे दाट झाडं उभी राहिली तर धाविक पळणार कुठे आणि भोवत्या उतरणार कुठे? गवत हेच इथलं जंगल आहे. सकाळचीही यादी काढली, तारीख, वेळ, आकडे, फोटो सगळं एकत्र केलं, या आठवड्यात ते घेऊन संबंधितांना भेटायला जाणार आहोत. कुणाकडे त्या माळाच्या जुन्या नोंदी असतील तर प्लीज द्या, एका संध्याकाळच्या अकरापेक्षा पाच वर्षांचे आकडे जास्त कामाला येतील.

निघताना रातवा, हा रात्री फिरणारा पक्षी, बोलायला लागला, चक् चक् चक् चक्र्र्र. टॉर्च लावला नाही. शेवटचा भोवत्या उशिरा आला, दोन खड्ड्यांच्या मधल्या गवतावर तीन घिरट्या घातल्या आणि तिथेच उतरला.